११२ किलो वजन, शाळेनंतर सायकल नाही: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: वय ४१, वजन ११२ किलो, उंची ५ फूट ७ इंच, सायकल शेवटची चालवली ती शाळेत असताना. पळायला गेलं की गुडघे बोलायला लागतात म्हणून सायकल घ्यायचा विचार आहे. सायकल माझं वजन पेलेल का, कुठली घेऊ, रोज किती किलोमीटर मारू म्हणजे वजन उतरेल, आणि सीट फार टोचते म्हणतात त्याचं काय करायचं?

मी गेली १४ वर्षं सायकली दुरुस्त करायचं आणि माणसाच्या मापाला जुळवून द्यायचं काम करतोय, आणि त्याच्याआधी मी स्वतः १०८ किलोचा होतो, त्यामुळे पान्याच्या बाजूने आणि सीटच्या बाजूने, दोन्हीकडून सांगू शकतो. चारही प्रश्न बरोबर आहेत पण माझ्या मते खरा प्रश्न पाचवा आहे जो तुम्ही विचारलाच नाहीये. सायकल वजन पेलेल का हे तासाभरात सुटतं. दुसऱ्या आठवड्यात एखाद्या सकाळी बूड दुखतंय, मनगटं आखडलीत, अजून अंधार आहे, तेव्हा ती सायकल बाहेर काढावीशी वाटेल का, घोडं अडतं ते इथे. माझ्याकडे 'जुनी आहे, विकून द्या' म्हणून ज्या सायकली येतात ना, त्यातल्या कितीतरींच्या टायरवर मधल्या पट्ट्यावरसुद्धा ते रबराचे बारीक केस शिल्लक असतात. म्हणजे शंभर किलोमीटरसुद्धा झालेली नसते. सायकल मोडलेली नसते, माणूस कंटाळलेला असतो, आणि कंटाळायला कारण बहुतेक वेळा आळस नसतं, दुखणं असतं, जे दहा मिनिटांच्या पाना फिरवण्याने गेलं असतं.

माझं स्वतःचं असंच झालं. पहिली सायकल घेतली तेव्हा दुकानात सीट खाली करून दिली, 'पाय टेकले पाहिजेत हो, नाहीतर पडाल', आणि मी तसाच सहा किलोमीटर जाऊन आलो, मोठ्या गिअरवर, दात-ओठ खात. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसता येईना आणि गुडघ्याच्या वाटीपुढे अशी कळ की जिना उतरताना कठडा धरावा लागला. त्यानंतर चार महिने त्या सायकलवर टॉवेल वाळत होते.

आता एक गोष्ट तुमच्या तब्येतीवर अवलंबून आहे आणि ती मला इथून दिसत नाही. बीपी आहे का, शुगर आहे का, चालताना कधी छातीत दाब आलाय का. यातलं काहीही असेल किंवा बरीच वर्षं काहीच तपासलेलं नसेल तर आधी डॉक्टरकडे जाऊन या, ही नुसती सांगायची पद्धत म्हणून सांगत नाहीये. विशेषतः इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते, तेव्हा गोळी कधी आणि सायकल कधी हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. चालवताना छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, घाम फुटून चक्कर असं काही झालं तर तिथेच थांबून मदत मागायची, 'घर जवळच आहे' म्हणून पॅडल मारत यायचं नाही. गुडघ्यांचं म्हणाल तर पळण्यापेक्षा सायकल खरंच सोपी आहे कारण शरीराचा बराच भार सीट घेते आणि पाय जमिनीवर आपटत नाही, पण सीट जागेवर असेल तर. त्याच्यावर येतो.

आधी वजन पेलण्याचं. बहुतेक सायकलींच्या माहितीपुस्तकात वजनाची मर्यादा लिहिलेली असते, १२० ते १३५ किलोच्या दरम्यानचे आकडे नेहमी बघायला मिळतात, काहींचे कमी काहींचे जास्त. घेण्याआधी हे पान उघडून बघा, आणि ती मर्यादा नुसत्या माणसाची आहे का माणूस अधिक सायकल अधिक सामान अशी आहे तेही बघा, कारण कंपनी कंपनीनुसार हे बदलतं. तुमचे ११२, सायकलचे १५, पाण्याची बाटली, पंप, पिशवी, म्हणजे १३० च्या घरात गेलात. घडीच्या सायकलींची मर्यादा बऱ्याचदा कमी असते, त्या सध्या सोडा.

पण खरं सांगू का, जाड माणसाची फ्रेम मोडलेली मी फार क्वचित पाहिलीये. त्रास देतं ते मागचं चाक. वजनाचा मोठा वाटा, ६० टक्क्यांच्या आसपास, मागच्या चाकावर येतो, आणि तिथला स्पोक तुटला की लोकांना वाटतं आपल्या वजनाने ताणून तुटला. तसं नसतं. चाक फिरताना जो स्पोक खाली जमिनीकडे येतो त्याचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर गेला की परत येतो. स्पोक मुळात घट्ट असेल तर याने काही बिघडत नाही, पण ढिला असेल तर तो दर फेऱ्याला हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या, वाकलेल्या गळ्यात किंचित हलतो, आणि लोखंडाची तार आपण इकडून तिकडे वाकवून वाकवून तोडतो तसा एक दिवस टण्ण करून जातो. मोठ्या चाकाची सायकल एका किलोमीटरला साधारण ४७५ फेरे मारते, म्हणजे २०० किलोमीटरमध्ये जवळजवळ लाखभर वेळा ती तार वाकली. नवीन सायकलचे स्पोक पहिल्या काही दिवसांत बसतात आणि थोडे ढिले पडतात, सगळ्यांचेच पडतात, हलक्या माणसाला ते चालून जातं, तुम्हाला नाही चालणार. म्हणून १५० ते २०० किलोमीटर झाले की चाक दाखवायचं आणि नुसता आऊट काढून देऊ नका, सगळ्या स्पोकचा ताण सारखा करून द्या असं स्पष्ट सांगायचं. आऊट काढणं म्हणजे चाक सरळ दिसणं, ताण सारखा असणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि पहिल्यासाठी दुसरं विसरणारे कारागीर बरेच आहेत (चिडतात असं बोललं की, चिडू देत). घरी बघायचं असेल तर शेजारशेजारचे दोन दोन स्पोक चिमटीत धरून दाबत जा, एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा लुसलुशीत लागली की समजायचं.

तर घ्यायची कुठली. मागच्या चाकाला ३६ स्पोक असतील तर उत्तम, ३२ चालतील, २८ आणि त्याखाली नको. टायर रुंद घ्या, ३८ ते ५० मिमीमधलं काहीही. बारीक टायरवर तुमच्या वजनाला खड्डा लागला की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, पंक्चर काढणारा बघूनच सांगेल 'हवा कमी होती'. हवेचा आकडा टायरच्या बाजूला उठावाने छापलेला असतो, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, तुम्ही वरच्या बाजूला राहा पण त्याच्या वर जाऊ नका, आणि आठवड्यातून एकदा पंप लावा कारण ट्यूबमधून हवा आपोआप झिरपत असते. पुढच्या चिमट्यात स्प्रिंगचा शॉकअप असलेली स्वस्त सायकल टाळा, दिसायला दणकट दिसते पण ती स्प्रिंग हलक्या माणसासाठी असते, तुम्ही बसलात की अर्धी तिथेच दबणार आणि उभं राहून पॅडल मारलं की खालीवर उसळत राहणार. साधा सरळ चिमटा बरा. ब्रेक डिस्क असतील तर चांगलं कारण उतारावर जास्त वजन थांबवायचं असतं, आणि कुठलेही असले तरी उतारभर दाबून धरायचे नाहीत, दाबायचे सोडायचे दाबायचे सोडायचे. थोडक्यात काय तर सरळ हँडलची, सरळ चिमट्याची, रुंद टायरची, पॅडलजवळचं पुढचं चक्र लहान, कमी दात्यांचं असलेली साधी सायकल. कार्बन-बिर्बनच्या भानगडीत आत्ता पडू नका.

अजून एक, हे कोणी बोलत नाही. सायकलवरून पाय टाकून बसणं हेच सुरुवातीला अवघड जातं. मधला दांडा उंच असेल तर पाय तिथपर्यंत जात नाही, तोल जातो, आणि चारचौघांत पडायच्या भीतीने माणूस जायचंच टाळतो. यावर उपाय म्हणजे मधला दांडा खाली असलेली फ्रेम, जिला लोक लेडीज सायकल म्हणतात. पुरुषांना लाज वाटते घ्यायला. मी अशा कितीतरी पुरुषांना ती घ्यायला लावलीये आणि एकानेही परत आणून दिली नाही. नाहीतर उंच दांड्याची असली तर सायकल आपल्याकडे चांगली तिरकी करायची, मग पाय टाकायचा, मग सरळ करायची.

आता सीट, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं. भिंतीला हात लावून सायकलवर बसा. अनवाणी किंवा सपाट चपलेने टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल अगदी खाली न्या. पाय गुडघ्यात पूर्ण सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलायला नको. एवढी उंची. मग चालवताना टाचेऐवजी पायाचा पुढचा फुगीर भाग पॅडलवर येतो आणि गुडघ्यात आपोआप थोडासा वाक राहतो, तो हवा असतो. या उंचीला बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकणार नाहीत, आणि टेकायलाही नकोत. थांबायचं असं: ब्रेक दाबत सीटवरून पुढे घसरून दांड्याच्या वर उभं राहायचं आणि एक पाय खाली. एखाद्या मोकळ्या जागी वीस वेळा करा, जमतं. पहिला आठवडा भीती वाटत असेल तर सीट एक-दोन सेंटीमीटर खाली ठेवून नंतर वर घ्या, मला चालतं, पण कायमची खाली ठेवू नका. गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखला तर बहुधा वर आहे, हे लक्षात ठेवलंत तर निम्म्या तक्रारी घरच्या घरी सुटतात. आणि सीटच्या नळीवर एक आडवी रेघ कोरलेली असते, ती रेघ फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये, तुमच्या वजनाला तर अजिबातच नाही.

टोचण्याबद्दल. लोक पहिलं काय करतात तर जेलचं मऊ गुबगुबीत कव्हर आणून चढवतात. पाच मिनिटं स्वर्ग आणि विसाव्या मिनिटाला मुंग्या. कारण आपण बसायला दोन हाडं असतात, भार त्यांच्यावर यायला हवा, फार मऊ सीटमध्ये ती हाडं बुडतात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. सीट जराशी कडक पण रुंदीला बरोबर हवी, आणि हँडल जितकं उंच, बसणं जितकं ताठ, तितकी सीट रुंद लागते. पहिले आठ-दहा दिवस हाडांच्या जागी ठणकणार, ते होतं आणि जातं. पण बधिरपणा आला, मग तो खाली असो की करंगळीत, तर ते सोसायचं नाही. सीट सपाट आहे का बघायचं, हँडल वर घ्यायचं, आणि दर दहा मिनिटांनी दोन-चार पॅडल उभं राहून मारायचे म्हणजे रक्त फिरतं. पॅडवाली चड्डी घ्याच, आणि तिच्या आत दुसरी अंडरवेअर घालायची नसते, शिवणी घासतात. मांड्या घासत असतील तर निघायच्या आधी पेट्रोलियम जेली लावा. हसू नका, अर्ध्याहून जास्त जाड लोक या एका गोष्टीमुळे तिसऱ्या दिवशी घरी बसतात असं माझं निरीक्षण आहे.

पोटाचंही सांगतो. खाली वाकलं की मांडी वर येताना पोटाला लागते, मग आपण नकळत गुडघे बाहेर फेकून चालवतो आणि श्वासही पुरत नाही. यात तुमचा स्टॅमिना कमी आहे असं काही नसतं, जागाच नसते छाती फुगायला. हँडल वर घेतलं की हे बरंच सुटतं. तरी लागत असेल तर पॅडलचा दांडा १७० किंवा १७५ मिमीच्या ऐवजी १६५ चा बसवता येतो, पण तो खर्च सहा महिन्यांनी गरज वाटली तरच.

गिअर. नवीन माणूस जड गिअर लावतो कारण हलक्यात पाय नुसतेच फिरताहेत, व्यायाम होत नाहीये असं वाटतं. उलटं आहे. जड गिअरने गुडघा आणि मांडी दमते, हलक्याने श्वास दमतो, आणि आपल्याला श्वासच दमवायचाय. उजवा गुडघा १५ सेकंदात किती वेळा वर येतो ते मोजा, १८ ते २० आला म्हणजे मिनिटाला ७२ ते ८०, सुरुवातीला एवढं बास. १२-१३ येत असेल तर गिअर हलका करा. आणि चढ लागायच्या आधी गिअर बदला, चढावर जोर लावून बदललात तर चेन करकरते आणि कधीतरी उतरते.

सुरुवातीला रस्ता सपाट निवडा. सपाटीवर जास्तीचं वजन फारसं आडवं येत नाही, पण चढ म्हणजे प्रत्येक किलो वर उचलायचा. तुमच्या वजनाला साधा ४ टक्क्यांचा चढ, जो गाडीतून जाताना जाणवतही नाही, तो सपाटीच्याच वेगाने चढायचा म्हटलं तर जोर जवळजवळ चौपट लागतो. तेव्हा दम लागला तर तो हिशोबानेच लागलाय, उतरून सायकल ढकला. वारा असेल तर जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना पाठीवर घ्यायचा, उलटं केलंत तर जाताना उगाच वाटतं आपण भारी चालवतोय आणि मग परत येताना हाल होतात.

आता किलोमीटर किती. किलोमीटर मोजूच नका, मिनिटं मोजा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस, दहा मिनिटं जायचं आणि दहा मिनिटं यायचं, आणि वेग एवढाच की शेजारी कोणी असेल तर बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता नाही आलं तरी चालेल. विसाव्या मिनिटाला अजून जाववतंय असं वाटलं तरी घरी या. हे लोकांना पटत नाही, पहिल्या रविवारीच २५ किमी मारून फोटो टाकतात आणि पुढचा रविवार येतच नाही. तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला प्रत्येक फेरीत पाचेक मिनिटं वाढवा, एखादा आठवडा जड गेला तर तोच आठवडा परत करा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, तुम्ही सहाव्या आठवड्याच्या आसपास १५० ओलांडाल, महिनाभर मागेपुढे झालं तरी काही बिघडत नाही.

आणि वजन. इथे मी जरा मन मोडणार आहे. तुमच्या वजनाला हळू सायकल चालवली तर अर्ध्या तासात ढोबळमानाने २२० कॅलरी जातात. आठवड्यात चार वेळा म्हणजे ९०० च्या आत. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. म्हणजे नुसत्या सायकलवर पहिल्या दोन महिन्यांत किलोभर, तेही 'आज सायकल मारली' म्हणून दोन घास जास्त खाल्ले नाहीत तर, आणि भूक वाढते हो, माझी वाढली होती, पहिल्या महिन्यात माझं वजन दीड किलोने वाढलं होतं. म्हणून वजन उतरवायचं काम जेवणाच्या ताटात होतं, सायकलचं काम वेगळं आहे. तिने दम वाढतो, झोप सुधारते, आणि दम वाढला की हिशोबच बदलतो: सहा-आठ महिन्यांनी तुम्ही तासभर जरा बऱ्या वेगाने चालवायला लागाल तेव्हा त्याच एका फेरीत ६००-७०० कॅलरी जातील, आणि आठवड्यात पाच फेऱ्या तुम्हाला जड वाटणार नाहीत. तिथपर्यंत पोचेपर्यंत काट्यावर आठवड्यातून एकदाच उभे राहा, कमरेला टेप लावा, आणि सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजून लिहून ठेवा. काटा हलायच्या आधी बहुतेकदा नाडी खाली यायला लागते, माझी ८४ वरून ७० वर आली होती तेव्हा काटा जेमतेम तीन किलोने हलला होता.

लोक बघतात का? बघतात. पहिल्या महिन्यात कोणीतरी एक काहीतरी बोलणारच, मला एकाने 'सायकलवर दया करा' म्हटलं होतं. मी तेव्हा दोन दिवस गेलो नाही, आता वाटतं दोन दिवस फुकट घालवले. पहाटे जा, रस्ते रिकामे असतात, हेल्मेट आणि मागचा लाल दिवा मात्र लावूनच.

एवढं करून सायकल घेतलीत की मला तीन गोष्टी कळवा: मागच्या चाकाला स्पोक किती, टायरच्या बाजूला कुठला आकडा छापलाय, आणि टाच पॅडलवर ठेवून पाय सरळ होतो का. पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा दुखला तर पुढून का मागून तेही लिहा, त्यावरून सीट किती वरखाली करायची ते सांगतो.